सैतानाला अडवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

"पाळकसाहेब, सप्रेम जय ख्रिस्त. मी २६ वर्षांची, पुण्यात एका रुग्णालयात नर्स आहे. गाव अहिल्यानगर जिल्ह्यात. पावसाळ्यापासून प्रार्थनेला बसले की प्रभूविषयी घाण, शिवराळ विचार मनात येतात. वचन वाचताना येतात, चर्चमध्ये तर जास्तच. प्रत्येक वेळी मी 'येशूच्या नावात निघून जा' म्हणते. ते पुन्हा येतात, मी पुन्हा म्हणते. कधी कधी रात्रीचे दोन वाजतात. भीतीनं प्रभुभोजन, चर्चमधली ती भाकर आणि द्राक्षारस, घेणं बंद केलं आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या होत्या. त्याच सुमारास एक ओळखीची मुलगी मला एका फेलोशिपमध्ये घेऊन गेली. तिथले ब्रदर म्हणाले, तुझ्यात निंदेचा आत्मा शिरला आहे. माझी पणजी देवऋषीपण करायची, तो पिढीजात शाप आहे, आणि खोलीतल्या मैत्रिणीनं दिलेल्या गणपतीच्या प्रसादानं दार उघडलं, असं त्यांनी सांगितलं. दोनदा सुटकेची प्रार्थना झाली. चौघांनी धरलं, कानाशी ओरडले, केस धरून डोकं हलवलं. काही बाहेर आलं नाही तेव्हा म्हणाले, तुझाच विश्वास कमी आहे. आता गोळ्या बंद करून २१ दिवसांचा उपास करायचा आणि त्या मैत्रिणीशी संबंध तोडायचे, असं ठरलं आहे. आठवडाभर मी गोळ्या घेतलेल्या नाहीत. माझ्या हातून पवित्र आत्म्याची निंदा झाली का? आणि मी सैतानाला अडवायचं तरी कसं?"

लेकी, जय ख्रिस्त.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याच भीतीनं तुझी झोप नेली आहे. नाही. तुझ्या हातून पवित्र आत्म्याची निंदा, ज्या पापाला क्षमा नाही असं प्रभू म्हणाला ते पाप, झालेली नाही. केवळ तुझी समजूत काढायची म्हणून हे लिहीत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघड आणि माझ्याबरोबर वाच. यरुशलेमेहून शास्त्री आले आहेत. येशू भुतं काढतो आहे, माणसं बरी होत आहेत, हे त्यांना डोळ्यांनी दिसतं आहे. ते नाकारता येईना, तेव्हा ते लोकांना सांगत सुटले की ह्याला बालजबूल लागला आहे, भुतांच्या अधिपतीच्या साहाय्यानं हा भुतं काढतो. देवाचं काम समोर घडत असताना, ते ओळखण्याइतकं शास्त्र शिकलेलं असताना, थंड डोक्यानं त्याला सैतानाचं काम म्हणायचं आणि त्यावर अडून राहायचं, ही ती निंदा. प्रभू कशाबद्दल बोलत होता हे मार्कनं तिसाव्या वचनात स्वतःच सांगून ठेवलं आहे: त्याला अशुद्ध आत्मा लागला आहे, असं ते म्हणत होते म्हणून. आपण बोललो त्याची त्या शास्त्र्यांना भीती वाटली, ते रात्रभर जागले, असं कुठं लिहिलेलं नाही. तुला नको असताना विचार येतो, तुझ्या अंगावर काटा येतो, तू रडतेस. तुझी आणि त्यांची गोष्ट एका तागडीत घालता येणार नाही.

त्याच्या आधीचं, अठ्ठाविसावं वचन लोक घाईनं ओलांडून जातात. माणसांना सर्व पापांची आणि त्यांनी केलेल्या दुर्भाषणांची क्षमा होईल, असं प्रभू तिथं म्हणतो. पौलानं स्वतःला पूर्वीचा निंदक म्हटलं आहे. तो नुसता मनात नव्हे, तोंडानं निंदा करत होता आणि इतरांनाही करायला लावत होता. पेत्रानं तर अंगणात शेकोटीपाशी शापशपथा घेऊन 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं. पुढं ह्या दोघांच्या हाती प्रभूनं मंडळ्या सोपवल्या.

आता त्या विचारांकडे वळू. रस्त्यावरून जाणारा कुणी दारुडा तुझ्या दारासमोर उभा राहून शिव्या देऊ लागला, तर त्या शिव्या तुझ्या घरात ऐकू येतात, पण म्हणून त्या घरच्यांनी दिल्या असं शेजारीपाजारी म्हणत नाहीत. अरण्यात आपल्या प्रभूच्या कानावरसुद्धा 'मला नमन कर' हे सैतानाचे शब्द आलेच. जगातली सगळ्यात मोठी निंदा त्याच्यासमोर मांडली गेली आणि तरी तो निष्पाप राहिला. विचार समोर येणं वेगळं आणि त्याला होकार देणं वेगळं. तू होकार दिलेला नाहीस. दिला असतास तर हे पत्र लिहिलं नसतंस.

असं सोसणारी तू पहिली नाहीस. १७व्या शतकात इंग्लंडातल्या बेडफर्डजवळ जॉन बन्यन नावाचा एक कल्हईवाला होता. 'ख्रिस्ताला विकून टाक' हा विचार वर्षभर त्याच्या डोक्यात घुमत राहिला. जेवताना, काम करताना, प्रार्थना करताना तोच. तो जिवाच्या आकांतानं 'नाही, नाही' म्हणत राही आणि विचार आणखी जोरानं येई. आपण कायमचे बुडालो असं त्यालाही वाटलं होतं. हाच माणूस पुढं नावाजलेला उपदेशक झाला आणि प्रचार थांबवायला नकार दिला म्हणून १२ वर्षं तुरुंगात राहिला. ज्याला आपण ख्रिस्ताचे नाही असं वाटत होतं, त्यानं ख्रिस्तासाठी आयुष्याची १२ वर्षं दिली. माझ्या सेवाकाळातही असे विचार घेऊन आलेली माणसं मला भेटली आहेत, आणि त्यांच्यात बेफिकीर असा एकही नव्हता. ज्याला आईबद्दल जिवापाड माया असते त्याला आईबद्दलच भयानक विचार येतात, आणि ज्याचा प्रभूवर जीव असतो त्याला प्रभूबद्दल. माणसाला जे सगळ्यात प्रिय, नेमकं तिथंच हे दुखणं बोट ठेवतं.

मी त्याला दुखणं म्हणालो ते जाणूनबुजून. तुला नेमकं काय झालं आहे ते डॉक्टरच सांगतील, तो माझा अधिकार नाही. पण नको असलेला विचार येतो, तो घालवायला एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं, घटकाभर बरं वाटतं आणि मग दुप्पट जोरानं तेच सुरू होतं, ह्या चक्राला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. डॉक्टर ओसीडी म्हणतात हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. ह्याच्या गोळ्यांना गुण यायला कित्येक आठवडे लागतात आणि त्या आपल्या मनानं एकदम बंद करायच्या नसतात, हे तू स्वतः वॉर्डात रुग्णांच्या नातेवाइकांना सांगत असशील. तेव्हा हे वाचून झालं की त्या डॉक्टरांना फोन कर. आठवडाभर गोळ्या घेतल्या नाहीत हे खरं सांग आणि पुन्हा कशा सुरू करायच्या ते विचार. परस्पर सुरू करू नकोस. जगणं नको असं कधी मनात आलं तर थांबू नकोस. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे, तिथं दिवसारात्री केव्हाही बोलता येतं.

गोळी घेणं म्हणजे अविश्वास, हे शास्त्रात कुठं आहे ते त्या ब्रदरना विचार. पौलानं तीमथ्याला पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. तीमथ्याच्या पोटातला आत्मा काढायला तो निघाला नाही. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. मत्तय ४:२४ मध्ये येशूकडे कोणाकोणाला आणलं त्याची नोंद आहे: भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती. तीन वेगळी नावं. म्हणजे भूतबाधा निराळी आणि आजार निराळा हे शुभवर्तमान लिहिणाऱ्यालाही कळत होतं. हेही खरं की मार्कच्या नवव्या अध्यायातल्या मुलाला फेफरं यावं तसे झटके येत होते आणि तिथं येशूनं अशुद्ध आत्म्याला धमकावलं. ते वचन मी लपवणार नाही. पण कोणत्या माणसात काय आहे हे ओळखणारा तिथं स्वतः प्रभू होता. भाड्याच्या हॉलमध्ये दहा मिनिटांत निदान करणाऱ्या माणसानं त्याच्या जागी उभं राहण्याची घाई करू नये. आपल्याकडची मंडळी तर दवाखान्यांच्या सावलीत वाढली. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उघडलं, नगरचं बूथ हॉस्पिटल तुला माहीतच आहे. तिथं डॉक्टर आणि नर्सेस प्रार्थना करून ऑपरेशन थिएटरात जात. प्रार्थना केली म्हणून त्यांनी औषध टाकलं नाही.

त्याच नवव्या अध्यायात आणखी दोन गोष्टी आहेत. त्या मला तुला मुद्दाम दाखवायच्या आहेत. शिष्यांना तो आत्मा काढता आला नाही, तेव्हा दोष कोणाला मिळाला? पोराला नाही, बापालाही नाही. प्रभूनं शिष्यांनाच सांगितलं की असला आत्मा प्रार्थनेवाचून निघत नाही. हीच गोष्ट मत्तय सतराव्या अध्यायात सांगतो, तिथं तर प्रभू शिष्यांना म्हणतो की तुमचा विश्वास अल्प आहे. आणि बापानं जेव्हा 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा' असं रडत म्हटलं, तेव्हा तेवढा अर्धामुर्धा विश्वास प्रभूला पुरला. तुझ्यावर मात्र चौघांनी हात टाकले आणि काही घडलं नाही तेव्हा दोष तुझ्याच पदरात घातला. दुसरी गोष्ट अशी की मुलगा मेल्यासारखा पडला तेव्हा येशूनं त्याचा हात धरून त्याला उठवलं. केस धरले नाहीत. शुभवर्तमानांत येशूनं ज्यांना ज्यांना सोडवलं त्यांच्या गोष्टी पुन्हा वाच. तो एक वाक्य बोलतो, बहुतेक वेळा अगदी छोटं, आणि माणूस त्याच्यासमोर शुद्धीवर येऊन बसतो. त्यानं कुणाला दाबलं, हलवलं, उपाशी ठेवलं असं एकदाही नाही.

मोठ्यानं प्रार्थना करण्याला माझी हरकत नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुली एकत्र मोठमोठ्यानं रडून प्रार्थना करत होत्या, आणि त्यातून महाराष्ट्रभर जागृती गेली. पण त्याच रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना आधी जेवू घातलं, अंगभर कपडे दिले, वाचायला शिकवलं. आवाज कधीच प्रश्न नव्हता. दुबळ्या माणसाच्या शरीराला कसं वागवलं जातं, तो प्रश्न आहे. आणि इथं कायदाही आहे. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत काढण्याच्या बहाण्यानं मारणं, बांधणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं हे सगळं गुन्ह्यात धरलेलं आहे. कुणाला इजा न करणाऱ्या प्रार्थनेला त्या कायद्याची आडकाठी नाही. तुला तक्रार कर असं मी सांगत नाही, ते तू ठरव. पण तिसऱ्या वेळी तिथं जाऊ नकोस. त्या लोकांचं तुझ्यावर प्रेम असेल, मला ते मान्य आहे. तरीही जाऊ नकोस.

सैतान आहे असं मी मानतो. प्रतीक म्हणून नाही, खरोखर आहे असं मानतो. म्हणूनच तो कुठं काम करतो ह्याकडे नीट बघावं लागतं. शास्त्रात त्याची दोन कामं पुन्हा पुन्हा येतात: खोटं बोलणं आणि दोष देणं. योहान ८:४४ त्याला लबाडीचा बाप म्हणतं, प्रकटीकरण १२:१० त्याला आपल्या बंधूंना रात्रंदिवस दोष देणारा म्हणतं. आता तुझ्या पत्रातल्या घटना ओळीनं ठेव. तुला प्रभूच्या मेजापासून दूर केलं गेलं. तुझी झोप गेली. औषध सुटलं. जी मुलगी तुझ्याशी खोलीत प्रेमानं राहते तिच्यावर संशय घ्यायला लावलं. देव तुझ्यावर रागावला आहे असं तुला पटवलं. हे सगळं कुणाच्या फायद्याचं आहे? मला त्याचं काम दिसतं ते इथं. तुझ्या मनात येणाऱ्या शिव्या मला त्यामानानं किरकोळ वाटतात.

पवित्र आत्माही आपल्याला पापाची जाणीव करून देतो, पण त्याची रीत निराळी. तो नेमकं बोट ठेवतो: काल तू अमकीशी खोटं बोललीस, जा, क्षमा माग. आणि बोट ठेवताना परत यायची वाट दाखवतो. दोष देणारा मोघम बोलतो: तूच वाईट, तू संपलीस, तुला वाटच नाही. गेले काही महिने तुझ्या कानाशी कोण बोलतं आहे ते ह्यावरून ताडून बघ.

अडवायचं कसं, हा तुझा दुसरा प्रश्न. याकोब ४:७ तुला पाठ असेल: 'म्हणून देवाच्या अधीन व्हा आणि सैतानाला अडवा, म्हणजे तो तुमच्यापासून पळून जाईल.' फेलोशिपमध्ये त्यातला मधला तुकडाच ऐकवला जातो. अख्खा अध्याय वाच. याकोब तिथं भांडणांविषयी, हेव्याविषयी, गर्वाविषयी बोलतो आहे. भुतांचं नावसुद्धा त्या परिच्छेदात नाही. अडवणं म्हणजे काय ते पुढच्या ओळींतच आहे: देवाजवळ या, हात स्वच्छ करा, नम्र व्हा, एकमेकांविरुद्ध बोलू नका. पौल इफिसकरांस ४:२७ मध्ये सैतानाला वाव देऊ नका म्हणतो, तेही रागाच्या संदर्भात, सूर्य मावळायच्या आत राग सोडा म्हणून. पेत्र सैतानाला गर्जणाऱ्या सिंहासारखा म्हणतो, पण त्याच्या लगेच आधीच्या ओळीत काय आहे? 'त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो.' छळानं थकलेल्या, विखुरलेल्या लोकांना तो लिहीत होता. त्यांना त्यानं सिंहाची शिकार करायला पाठवलं नाही. सावध राहा, विश्वासात घट्ट राहा, आणि तुमच्यासारखीच दुःखं जगभरच्या तुमच्या बंधुवर्गावर येत आहेत हे लक्षात ठेवा, इतकंच सांगितलं. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकटं पडलेल्याला आधी हे कळायला हवं की तो एकटा नाही.

इफिसकरांच्या सहाव्या अध्यायातली शस्त्रसामग्री संडे स्कूलपासून तू चित्रात पाहिली आहेस. ती लिहिणारा त्या वेळी बेड्यांत होता. रोजच त्याला सैनिक दिसत असतील. पण सत्याचा कमरबंद, नीतिमत्त्वाचं उरस्त्राण, तारणाचं शिरस्त्राण ह्या कल्पना त्यानं यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून उचलल्या आहेत, आणि तिथं उरस्त्राण आणि शिरस्त्राण घालणारा स्वतः परमेश्वर आहे. म्हणजे ही सामग्री तू विश्वासाच्या जोरावर घडवायची नसून त्याची तुला मिळते. पौल ह्या उताऱ्यात उभे राहा, टिकून राहा, हेच पुन्हा पुन्हा सांगतो. धावून जा असं नाही. आणि आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, असं तो स्पष्ट लिहितो. जी शिकवण तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला तुझा शत्रू ठरवते ती ह्या एका वचनापाशीच अडखळते. तुझ्या शरीरालाही शत्रू ठरवायचं नाही. तेही रक्तमांसच आहे.

अरण्यात प्रभूनं कसं अडवलं ते बघ. तीन मोह, तीन उत्तरं, तिन्ही 'अनुवाद' ह्या जुन्या करारातल्या पुस्तकातली, प्रत्येक उत्तर एकदाच. दुसऱ्या मोहात तर सैतानानं एक्क्याण्णवावं स्तोत्र तोंडावर फेकलं. वचन त्यालाही पाठ असतं. प्रभूनं वाद वाढवला नाही, तेच वाक्य पन्नासदा म्हटलं नाही. तू रात्री दोनपर्यंत जे करतेस त्याला तू अडवणं म्हणतेस, पण लेकी, ते अडवणं नाही, ती शरणागती आहे. प्रत्येक विचाराला उत्तर देत राहिलीस की तुझी रात्र त्या विचारांच्या ताब्यात जाते. यहूदाच्या पत्रात लिहिलं आहे की आद्यदेवदूत मीखाएलानंही सैतानाशी वाद घालताना त्याची निर्भर्त्सना करायचं धाडस केलं नाही, 'प्रभू तुला धमकावो' एवढंच म्हणाला. मग तुझ्यामाझ्यावर ओरडण्याचा भार कशाला? विचार आला की येऊ दे. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस, तो खरा की खोटा ते तपासू नकोस, त्याच्यासाठी क्षमा मागत बसू नकोस. जे वचन वाचत होतीस ते पुढं वाच. जी भाजी चिरत होतीस ती चीर. सुरुवातीला ह्यानं भीती वाढेल. थोडी वाढू दे, ती ओसरते. हे सगळं तुझ्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना दाखव, आणि त्यांनी वेगळी रीत सांगितली तर त्यांचं ऐक. रात्री दहानंतर एकटीनं प्रार्थनेला बसणं सध्या बंद. सकाळी एक स्तोत्र आणि प्रभूची प्रार्थना एकदाच म्हण, मोठ्यानं म्हण, आणि कामाला लाग. देवाला तेवढं पुरतं.

उपास मुळीच करू नकोस. पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया 'मला मरण येऊ दे' म्हणत झुडपाखाली पडला, तेव्हा देवानं त्याला काय पाठवलं? निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याची सुरई आणि झोप. दूतानं हात लावून 'ऊठ, खा' म्हटलं. तो जेवला, पुन्हा झोपला, आणि दूत पुन्हा तेच म्हणाला. तुझ्या मनाची आजची अवस्था तशीच आहे. रात्रपाळ्या करणाऱ्या, झोप उडालेल्या मुलीला २१ दिवस उपाशी ठेवण्यात कसली आत्मिकता!

पणजीच्या शापाचं सांगतो. पिढीजात शाप शिकवणारे निर्गम २० मधलं तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंतच्या शिक्षेचं वचन काढतात आणि त्याच्या पुढची हजारो पिढ्यांवरची दया वाचत नाहीत. यहेज्केलाच्या काळात लोकांत एक म्हण होती: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. देवानं सांगितलं की ही म्हण तुम्ही पुन्हा काढायची नाही. अठरावा अध्याय सगळा त्यावरच आहे. आणि ख्रिस्तानं आपल्यासाठी शाप होऊन आपल्याला खंडून घेतलं असं गलतीकरांस ३:१३ सांगतं. ती खंडणी तुझ्या पणजीपाशी येऊन कमी पडली का? हा हिशेब धरला तर महाराष्ट्रातलं एकही ख्रिस्ती घर सुटणार नाही, कारण मागं मागं गेलं की कधी ना कधी प्रत्येकाच्या घरी देव्हारा होता. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांच्या घरीही होता. त्यांची गीतं आपण दर रविवारी गातो. पणजीची आठवण जप. तिच्याकडे काय ज्ञान होतं आणि काय अज्ञान होतं, त्याचा न्याय करायला देव समर्थ आहे.

प्रसादाबद्दल करिंथकरांस पहिल्या पत्राचे आठवा ते दहावा अध्याय वाच. मूर्तीपुढच्या अन्नाचा हाच पेच तिथल्या मंडळीपुढं होता. भुतांच्या मेजाचे भागीदार होऊ नका, असं पौल बजावतो. दुसऱ्याच्या उपासनेत सहभागी होण्याबद्दल ते आहे, आणि ते मी हलकं करणार नाही. पण कुणी जेवायला बोलावलं तर समोर येईल ते विचारपूस न करता खा, असंही तो तिथंच लिहितो. अमुक अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका, म्हणतो. म्हणजे प्रसाद घ्यायचा की नाही हे विवेकाचं आणि साक्षीचं काम आहे. घ्यायचा नसेल तर तिला मायेनं सांग, ती समजून घेईल. मोदकातून दुरात्मा पोटात शिरतो असं मात्र पौलाला कुठंही म्हणायचं नाही. बाहेरून माणसात जातं ते त्याला भ्रष्ट करत नाही, असं खुद्द प्रभूनं सांगितलं आहे. त्या मुलीशी मैत्री तोडू नकोस. तू रात्री जागतेस हे तिला दिसत असेल, तिला थोडंफार सांगितलंस तरी चालेल.

येत्या रविवारी प्रभुभोजनाला पुढं हो. प्रभुभोजन 'अयोग्य प्रकारे' घेऊ नये, ह्या पौलाच्या शब्दांना तू घाबरत असशील. करिंथमध्ये श्रीमंत आधी येऊन जेवत होते, गरीब उपाशी राहत होते, त्या वागण्याला पौलानं अयोग्य म्हटलं. आणि परीक्षा करावी असं सांगून लगेच पुढं 'मग खावे' असं लिहिलं. परीक्षा करा आणि परत जा, असं नाही. भाकर हातात असताना तो घाण विचार येईल, नक्की येईल. आला तरी खा. त्या क्षणी तू सैतानाला जितकं अडवशील तितकं कोणत्याही ओरडण्यानं अडवलं जाणार नाही.

तुझ्या मूळ मंडळीच्या पाळकांना आधी भेट आणि झालेलं सगळं सांग, केस धरल्याचंही. त्यांना शंका असेल तर डॉक्टरांचं ऐकून मग त्यांनी तुझ्यासाठी शांतपणे प्रार्थना करावी. वसईच्या आपल्या कॅथोलिक बांधवांमध्ये तर भूत काढण्याचा विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणत्याही धर्मगुरूला करता येत नाही, आणि आजार नाही ना ह्याची खात्री आधी करून घ्यावी लागते. शेकडो वर्षं हे काम पाहिलेल्या मंडळीनं एवढी काळजी घेतली, ते उगाच नाही. आईलाही कळव. गावाकडे चार दिवस जाता आलं तर जा.

आणि एक. 'माझ्या हातून निंदा झाली का' हा प्रश्न तुला उद्या पुन्हा पडेल, परवाही पडेल, आणि तो मला पुन्हा लिहून विचारावासा तुला वाटेल. मी एकदा उत्तर दिलं आहे. त्याच प्रश्नाला दुसऱ्यांदा देणार नाही, कारण दर वेळी कुणाकडून तरी खात्री करून घेणं हाही त्या चक्राचाच एक आरा आहे. बाकी काहीही लिही. डॉक्टरांची भेट कोणत्या दिवशी ठरली ते मात्र ह्याच आठवड्यात कळव.